पीएचडी नव्हती, प्राध्यापकी नव्हती, तरी ठाण्याच्या वि. ल. भावेंनी मराठी साहित्याचा इतिहास लिहिला आणि 20 वर्षांनी पुन्हा लिहिला

मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र असा विषय घेऊन पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? गाईडची वाटते, प्री-सबमिशनची वाटते. पण खरी झोप उडवणारी भीती वेगळीच असते. पाच वर्षं घासून थिसिस उभा केला आणि शेवटी असं काहीतरी सापडलं, की पहिलं प्रकरणच कोसळलं तर?

शंभर वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका माणसावर अगदी हीच वेळ आली होती. मराठी साहित्याचा इतिहास त्याने वयाच्या सत्ताविशीत लिहिला. लोकांनी तो वाचला, मानला. आणि मग मराठीतल्या सगळ्यात जुन्या ग्रंथांचा एक अख्खा साठा समोर आला, ज्याची त्या इतिहासात दखलच नव्हती.

त्या माणसाने काय केलं? पुन्हा बसला आणि इतिहास नव्याने लिहून काढला.

हे होते विनायक लक्ष्मण भावे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ लिहिणारे आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू, कारण नावात गल्लत होते. 2017 साली डोंबिवलीत साहित्य संमेलन झालं, तेव्हा संमेलननगरीला ज्यांचं नाव दिलं होतं ते पु. भा. भावे. ते कथाकार, जन्म 1910 चा आणि राहायला डोंबिवलीत. आपण बोलतोय ते वि. ल. भावे, जन्म 1871 चा आणि कर्मभूमी ठाणे. ‘भावे’ एवढंच टाकून सर्च केलं की दोन्ही येतात. संशोधनात पहिला धडा इथूनच सुरू होतो : आपण नेमक्या कोणत्या माणसाबद्दल बोलतोय हे आधी पक्कं करायचं.

तर, सुरुवातीपासून बघू.

विज्ञानाचा विद्यार्थी, नाद मराठी पुस्तकांचा

6 नोव्हेंबर 1871 ला पनवेलजवळच्या पळस्पे गावी भावेंचा जन्म झाला. शिक्षण ठाण्यात आणि पुढे मुंबईत. मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये तोवर आगगाडी सुरू होऊन तीन-चार दशकं झाली होती, त्यामुळे ठाण्यात राहून मुंबईचं कॉलेज आणि मुंबईची पुस्तकं दोन्ही आवाक्यात होती.

1895 साली ते बी.एस्सी. झाले. म्हणजे साहित्याची रीतसर पदवीसुद्धा नाही. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी मिठाचा व्यापार केला. पण विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने त्या पिढीतल्या कित्येक पोरांना मराठीचं वेड लावलं होतं, त्यात भावेही होते.

पदवी हातात पडायच्या आधीच त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. 1 जून 1893 ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. त्याच वर्षी टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला. इकडे ठाण्यात 21 वर्षांचा एक विद्यार्थी मित्रांना सोबत घेऊन मराठी पुस्तकं एका जागी आणायच्या मागे लागला होता.

वाचनालयं तेव्हा नवीन नव्हती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून सुरू होतं. मग भावेंच्या संस्थेत वेगळं काय होतं? नावातच उत्तर आहे. ‘संग्रहालय’. लोकांना वाचायला पुस्तक द्यायचं हे तर झालंच, पण मराठीत जे जे छापलं गेलंय ते जमवायचं, जपायचं, हा मूळ हेतू. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली निघालं, म्हणजे ठाणे पाच वर्षांनी पुढे होतं.

आता हे पीएचडीच्या भाषेत समजून घ्या. प्रत्येक प्रबंधात एक प्रकरण असतं, पूर्वसंशोधनाचा आढावा. आपल्या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय याचा हिशेब. बरेच जण हे प्रकरण सगळ्यात शेवटी, घाईघाईत उरकतात. भावेंचा क्रम उलटा होता. आधी जे जे उपलब्ध आहे ते एका छताखाली आणलं आणि मग लिहायला घेतलं.

लिहायचं म्हणजे कशाच्या आधारावर?

1890 च्या दशकात मराठी साहित्याचा इतिहास लिहायचा तर हाताशी होतं काय, ते बघा.

परशुरामपंत गोडबोल्यांनी 1854 साली ‘नवनीत’ काढलं होतं, पण ते निवडक कवितांचं पुस्तक. जनार्दन रामचंद्रजींचं ‘कविचरित्र’ 1860 चं, त्यात कवींची माहिती होती. संतांच्या चरित्रांसाठी अठराव्या शतकातल्या महिपतींचा ‘भक्तविजय’ होता, तो भक्तीने लिहिलेला ग्रंथ. त्याशिवाय ‘काव्येतिहास-संग्रह’ आणि ‘काव्यसंग्रह’ अशा मासिकांमधून जुन्या कविता छापून येत होत्या.

यातल्या प्रत्येक साधनाला एक मर्यादा होती. महिपतींनी चमत्कार सांगितले, पण त्यांना तारखा जुळवायच्याच नव्हत्या. ‘नवनीत’ने कविता दिल्या, पण त्या शाळेतल्या मुलांसाठी निवडून. म्हणजे साधन खोटं नसतं, फक्त ते दुसऱ्याच कामासाठी तयार झालेलं असतं. आपला प्रश्न त्याला विचारताना हे लक्षात ठेवावं लागतं.

या सगळ्यातून वाट काढत भावेंनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. कोल्हापूरहून प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ नावाचं मासिक चालवायचे. त्यात 1898-99 मध्ये हा इतिहास छापून आला. जुन्या मराठी कवींची सलग गोष्ट लोकांना एका ठिकाणी वाचायला मिळाली.

इथे थांबले असते तरी नाव झालं असतं. पण भावेंना एक गोष्ट खटकत होती. कवींबद्दल लिहिलं जात होतं, पण त्या कवींचं लेखन मात्र अजून बासनात बांधून पडलं होतं.

मूळ कागद बघितल्याशिवाय काही खरं नाही

छापखाना येण्याआधीचं मराठी साहित्य कुठे होतं? मठांमध्ये, देवघरांच्या फडताळात, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर. कापडात बांधलेल्या पोथ्या. काहींना वाळवी लागलेली, काही नदीत विसर्जित झालेल्या, काही रद्दीत गेलेल्या. याच काळात वि. का. राजवाडे ऐतिहासिक कागदांसाठी महाराष्ट्र पालथा घालत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 सालचा, आणि असे एकूण 22 खंड निघाले.

भावेंनी पोथ्यांची बाजू उचलली. 1903 साली त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक सुरू केलं. काम एकच, जुन्या कवींच्या अप्रकाशित रचना हस्तलिखितांवरून छापायच्या. आंबेजोगाईच्या दासोपंतांसारखे कवी त्यामुळे वाचकांपर्यंत पोचू लागले. हे तेच दासोपंत, ज्यांनी कागद सोडून चक्क कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. पुढे ‘मराठी दप्तर’ या नावाने भावेंनी बखरीसारखी ऐतिहासिक साधनंही छापली. त्या मालेच्या भागांना त्यांनी नाव दिलं ‘रुमाल’. जुनी कागदपत्रं ज्या कापडात बांधून ठेवायचे ते रुमाल.

हस्तलिखितावरून छापणं म्हणजे नुसतं उतरवून काढणं नसतं. एकाच ग्रंथाच्या पाच प्रती असतील तर पाचही थोड्या थोड्या वेगळ्या असतात. लिहिणाऱ्याची नजर चुकते, एखादी ओवी गळते, कुणी आपल्या पदरची घालतो, जुना शब्द कळला नाही की सोपा शब्द टाकतो. मग मूळ कोणतं?

ही अडचण आधुनिक अजिबात नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींमध्ये इतके पाठभेद शिरले, की एकनाथांनी 1584 साली वेगवेगळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. ज्याला आज पाठचिकित्सा म्हणतात ते काम पैठणला चारशेहून जास्त वर्षांपूर्वी झालेलं आहे.

मूळ वस्तू नीट वाचली नाही तर काय होतं, याचं उदाहरण भावेंच्या ठाणे जिल्ह्यातच आहे. कल्याणच्या पुढे अंबरनाथला शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखातला शक आधी 782 असा वाचला गेला होता. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो 982 असा वाचला आणि मंदिराचा काळ इसवी सन 1060 च्या आसपास ठरला. एका आकड्याचा फरक आणि मंदिर दोनशे वर्षांनी पुढे सरकलं. पहिलं वाचन तसंच धरून कुणी प्रबंध लिहिला असता, तर त्यातला राजाही चुकला असता आणि काळही.

आणि मग महानुभावांच्या पोथ्या उघडल्या

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात मोठा वळणाचा टप्पा.

तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. त्यांच्या अनुयायांनी मराठीत प्रचंड लेखन केलं. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचलं, तेही 1278 च्या सुमारास, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी. महदंबेने ‘धवळे’ रचले, तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. दामोदर पंडितांचं ‘वछाहरण’, भास्करभट्ट बोरीकरांचं ‘शिशुपाळवध’ अशी काव्यं झाली.

पण हे सगळं बाहेरच्या जगाला जवळजवळ माहीतच नव्हतं. कारण पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले होते. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी या लिप्यांची नावं. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण वापरायची पद्धत. सगळ्यात जास्त चालली ती सकळ लिपी. बाहेरच्याने पोथी उघडली तरी त्याला काडीचा अर्थ लागत नसे. पंथाबद्दल समाजात गैरसमजही भरपूर होते, त्यामुळे महंत मंडळी पोथ्या सहजासहजी कुणाच्या हाती देत नसत, आणि ते साहजिकच होतं.

म्हणजे भावेंची पहिली आवृत्ती आली तेव्हा परिस्थिती अशी होती : मराठी भाषेतलं सगळ्यात जुनं गद्य वऱ्हाडातल्या मठांपासून पार पंजाबातल्या मठांपर्यंत पोथ्यांमध्ये जिवंत होतं, आणि मराठी साहित्याच्या इतिहासात त्याला जागा नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत राजवाडे, भावे यांच्या पिढीच्या अभ्यासकांनी या लिपीचा उलगडा केला. भावेंनी महानुभाव पोथ्या मिळवल्या, वाचल्या आणि नुसत्या वाचून ठेवून दिल्या नाहीत. ‘वछाहरण’ आणि ‘शिशुपाळवध’ ही काव्यं त्यांनी संपादित करून छापली.

इथे दोन कौशल्यं एकत्र कामाला आली, आणि दोन्ही कुठल्याच पदवीत शिकवली जात नव्हती.

पहिलं, साधन ज्या लिपीत आहे ती लिपी शिकणं. आज मराठेशाहीवर काम करायचं तर मोडी यावीच लागते, दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावर किती दिवस भागवणार? दुसरं, माणसांचा विश्वास कमावणं. पोथी ज्यांची आहे त्यांच्यासाठी ती ‘डेटा’ नसते, श्रद्धेची गोष्ट असते. ती तुम्ही कशी हाताळता, तिच्याबद्दल काय लिहिता, परत करता की नाही, यावर पुढची पोथी मिळणार की नाही ते ठरतं.

20 वर्षांनी पुन्हा लिहिलेला इतिहास

1919 साली ‘महाराष्ट्र सारस्वत’ची दुसरी आवृत्ती आली. पहिल्यापेक्षा ती कितीतरी मोठी होती. महानुभाव साहित्याची सविस्तर ओळख मराठी वाचकांना या आवृत्तीने करून दिली. मराठीच्या इतिहासाची सुरुवातच बदलली.

हे वाटतं तितकं सोपं नाही. आपलंच गाजलेलं पुस्तक आहे, लोक त्याचा आधार घेतायत, आणि आपणच त्याला पुढे ढकलायचं. भावेंच्या जागी दुसरा कुणी असता तर एक छोटं परिशिष्ट जोडून मोकळा झाला असता. किंवा या पोथ्या जुन्या नाहीतच असा वाद घालत बसला असता. भावेंनी पुरावा बघितला आणि मांडणी बदलली.

पुढे हा रस्ता रुंद होत गेला. यवतमाळच्या य. खु. देशपांडेंचं महानुभाव वाङ्मयावरचं पुस्तक 1925 ला आलं. ह. ना. नेन्यांनी 1930 च्या दशकात ‘लीळाचरित्र’ संपादित करून छापलं. आज मराठीच्या एम.ए.ला पहिल्याच वर्षी ‘लीळाचरित्र’ समोर येतं, तेव्हा ते कायम तिथेच होतं असं वाटतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा निघाली की याच ग्रंथांचं नाव निघतं. ते वाचता येतात, कारण कुणीतरी लिपी शिकून, पोथी मिळवून, छापून ठेवल्या.

12 सप्टेंबर 1926 ला भावे गेले. वय 54. त्याच वर्षी 31 डिसेंबरला राजवाडेही गेले. जुन्या मराठीचे दोन मोठे संशोधक एकाच वर्षात हरपले.

भावेंच्याही चुका निघाल्या, आणि तेच बरोबर आहे

भावेंचं सगळंच बरोबर होतं असं कुणी म्हणत नाही. त्यांनी दिलेले काही काळ आणि काढलेली काही अनुमानं नंतरच्या अभ्यासात बदलली. त्यांची भाषा रसाळ आहे, आजच्या संशोधनाच्या भाषेत ती भावुक वाटू शकते. पुढे डॉ. शं. गो. तुळपुळ्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ला मोठी पुरवणी जोडली. भावेंनंतर जे सापडलं, जे बदललं, ते त्या पुरवणीत आलं. आज अभ्यासक हा ग्रंथ पुरवणीसकट वाचतात.

पण तुळपुळ्यांना हे करता आलं कसं? कारण भावेंनी निष्कर्षांबरोबर साधनंही छापून ठेवली होती. ज्याला शंका येईल त्याने मूळ काव्य उघडावं आणि ताडून बघावं. दुसऱ्याला तपासता येईल अशी सोय करून ठेवणं, हेच तळटीप आणि संदर्भसूचीचं खरं काम. मार्कांसाठी नाही.

आजच्या पीएचडीवाल्यांनी यातून काय घ्यायचं?

आज साधनांची टंचाई नाही. देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं स्कॅन होऊन नेटवर पडली आहेत. कल्याण-डोंबिवलीहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरलं, की एशियाटिक सोसायटी आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

टंचाई आहे ती ताडून बघण्याची. एका प्रबंधातली चुकीची तारीख दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि दहा जणांनी लिहिली की ती खरी वाटायला लागते. आता एआयला विचारलं तर ते अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचा संदर्भसुद्धा छान पान नंबरसकट देऊ शकतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार मजकुराचं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही. पण सॉफ्टवेअर साम्य मोजतं, माहिती खरी आहे की नाही ते सांगत नाही. शब्द बदलून लिहिलेली चुकीची तारीख ते आरामात सोडून देईल.

म्हणून भावेंच्या कामातून पाच साध्या सवयी उचलता येतात.

एक, लिहायला बसण्याआधी आपल्या विषयावर काय काय छापलंय याची यादी करायची आणि ती रोज वाढवायची.

दोन, दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलेला संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन बघायचा. नाही बघता आला, तर ज्याच्याकडून घेतला त्याचं नाव प्रामाणिकपणे द्यायचं.

तीन, साधन कुणी, कधी आणि कशासाठी तयार केलं हे प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवायचं.

चार, साधनाची भाषा आणि लिपी शिकायची, मग ती मोडी असो, फारसी असो की पोर्तुगीज.

पाच, नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा लिहायची तयारी ठेवायची. थिसिस सबमिट झाल्यावरसुद्धा.

यातल्या कशालाच मोठी फेलोशिप लागत नाही. मिठाचा व्यापार सांभाळून एका माणसाने हे सगळं ठाण्यात बसून केलं होतं. त्याने 1893 साली सुरू केलेलं ग्रंथसंग्रहालय ठाण्यात आजही सुरू आहे. 2010 चं ठाण्याचं साहित्य संमेलनही याच संस्थेने भरवलं होतं. संदर्भ शोधायला मुंबई-पुणे गाठण्याआधी एकदा तिथलं कपाट उघडून बघायला हरकत नाही.